भट्टीच्या तोंडावरचा ठोका

तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. निवृत्त झाल्यावर बुलढाण्यातल्या घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंगची हत्यारे मांडली आणि नोकरीत ज्याला पुरेसा वेळ देता आला नाही असा एक विषय हाती घेतला. विषय अनुनादावर चालणाऱ्या शक्तिप्रवर्धकाचा, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायरचा. त्याच्या शेवटी ट्रान्सफॉर्मर असतो. रचना नीट जमली तर आत शिरलेली जवळजवळ सगळी वीज दुसऱ्या टोकाला कामाला लागते. उष्णता होऊन वाया जाते ती फार थोडी.

वर्गात हा प्रकार समजावताना मी झोक्याचे उदाहरण देत असे. झोका मागे येऊन क्षणभर थांबतो. त्या क्षणी हलका हात लावला तरी तो पुढे जातो. आधी किंवा उशिरा लावला तर झोका अडखळतो आणि हातालाही मार बसतो. प्रवर्धकातला ट्रान्झिस्टर हा तो हात. त्याच्यावरचा विजेचा दाब शून्यावर येतो, त्याच क्षणी त्याने चालू व्हायचे. क्षण साधला की ट्रान्झिस्टर थंड राहतो. हुकला की तापतो आणि फुटतो. हा क्षण कोठे येईल ते पुढे जोडलेल्या भारावर ठरते. भार बदलला की क्षण सरकतो. पुढचे सगळे समजायला एवढे पुरे.

धाडजवळ आमचे थोडे शेत आहे. ते बटाईने दिले आहे, पण विळे-खुरपी पाजवून आणण्याचे काम मी माझ्याकडेच ठेवले आहे. त्यासाठी धाडच्या बाजाराला जावे लागते आणि मला जायला आवडते. पेठेच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली एका मुसलमान लोहाराचे दुकान आहे. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. सांडशी त्याच्या हातात आणि घण त्याच्या बायकोच्या हातात, असे मी त्यांच्या लग्नापासून पाहत आलो. तिला मी भाभी म्हणतो. हाडापेराने मजबूत बाई. घणाच्या आवाजाने तिचे दोन्ही कान मंद झालेले आहेत, म्हणून मिस्त्रीला मोठ्याने बोलायची सवय लागली आहे.

एका उन्हाळ्यात विळे घेऊन गेलो तर भट्टी थंड होती. मिस्त्री ऐरणीशेजारी रिकामा बसला होता आणि भाभी बाहेर लिंबाखाली खाटेवर.

“आज बंद काऊन?” मी विचारले.

“डाक्टरनं सांगतलं सर, इले धुरात बसू देऊ नका. छातीचा फोटो काढला. म्हणे, कोळशाचा धूर अजून खाल्ला त हा दमा पाठच सोडणार नाही.”

“डाक्टरले काय हाय सांगाले,” भाभी खाटेवरून म्हणाली. “सारी उमर धूर खाल्ला तवा कोणी फोटो काढला नाही.” एवढे बोलून ती खोकू लागली आणि बराच वेळ थांबली नाही. मिस्त्री माझ्या विळ्यांच्या मुठी तपासत राहिला. मुठींना काही झालेले नव्हते.

“घणावर दुसरा माणूस ठेवा,” मी म्हणालो.

“ठेवला होता ना. गडी दांडगा. पण त्याचा अन् माहा हातच जमेना. मी लोखंड फिरवलं का त्याचा घण पडे, अन् मी धरून बसलो का हा रस्त्यानं कोण चाललं ते पाहे. दोन विळे फाटले.”

“अन् एक बोट वाचलं,” भाभी म्हणाली. “ते नाही सांगत.”

त्यांचा मुलगा संभाजीनगरला एका गॅरेजमध्ये काम करतो. तो दोघांना आपल्याकडे बोलावत होता. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली की या, म्हणत होता. त्याची एकच खोली होती, तरी या म्हणत होता.

“पोरगा चांगला हाय,” मिस्त्री म्हणाला.

“चांगला हाय त हाय. पण त्या खोलीत मी दिवसभर काय करू? भिताडाकडं पाहत बसू?” भाभीने विचारले.

आमच्या भागात विळ्यांचे सर्वांत जास्त काम सोंगणीच्या तोंडावर येते. ते काम या दुकानातून झाले असते तर दुकान राहिले असते. नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या लोहाराकडे गेले असते आणि दाराला कुलूप लागले असते. भाभीशिवाय घण चालत नव्हता आणि भाभीला धूर चालत नव्हता. पेच इतका सरळ होता.

जीपमधून परत येताना मला टेबलावरचा प्रवर्धक आठवला. तांब्याच्या नळीचे वेटोळे करून त्यातून वेगाने उलटसुलट होणारी वीज सोडली, तर वेटोळ्यात धरलेले लोखंड आतून तापते. कोळसा नाही, ज्योत नाही, धूर नाही. मोठे कारखाने हे करतातच. विळ्याच्या पात्यापुरते यंत्र मी करू शकेन असे मला वाटले. पुढच्या बाजाराला मी तसे सांगितले.

“धुराशिवाय लोखंड तापवता येईल.”

“कसं? उन्हात ठुवून?”

“विजेवर.”

“शेगडीवर त चहा होते सर.”

“पाहू,” मी म्हणालो. याहून अधिक आश्वासन देणे मला योग्य वाटले नाही.

यंत्र करायला उन्हाळा गेला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली. वेटोळे स्वतः तापू नये म्हणून नळीतून सतत पाणी फिरवावे लागते. त्यासाठी खोलीतल्या कुलरचा पंप काढून प्लास्टिकच्या ड्रममध्ये बसवला आणि उरलेला उन्हाळा पंख्यावर काढला. ट्रान्सफॉर्मर फेराइटच्या गाभ्यावर मी स्वतः गुंडाळला. प्रवर्धकाच्या बाजूला तारेचे बरेच वेढे, वेटोळ्याच्या बाजूला अगदी थोडे. त्यामुळे इकडचा दाब तिकडे उतरतो आणि तिकडे प्रवाह मोठा होतो. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या, म्हणजे मधल्या मध्ये काही हरवू नये. लोखंड लाल होऊन पुढे गेले की त्याचे चुंबकत्व जाते आणि भार एकाएकी बदलतो. ही अडचण मला ठाऊक होती. तिची सोय मी आधीच केली होती. शेवटी मोजले, तर कार्यक्षमता नव्वदीच्या वर निघाली. त्या आकड्याने मला आनंद झाला हे लिहायला हरकत नाही.

पेरण्या आटोपल्यावर ते सगळे धाडला नेले. भट्टीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, वेटोळे बसवले. नळीजवळ येणारा कोणताही धातू तापतो, म्हणून भाभीच्या हातातले चांदीचे कडे आणि मिस्त्रीची अंगठी आधी काढायला लावली. बाजाराचा दिवस होता. पाहायला माणसे जमली.

“मिस्त्री, भजे तळाले आणलं का हे?” एकाने विचारले.

“तुह्याच विळ्याचे तळतो,” मिस्त्री म्हणाला. “बस.”

त्याने विळ्याचे पाते वेटोळ्यात धरले. ड्रममधल्या पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. पात्याची कड काळपट, मग गडद तांबडी, मग नारिंगी झाली. भाभी घण घेऊन ऐरणीजवळ आली. धुराशिवाय लाल लोखंड ती बहुधा प्रथमच पाहत होती.

मिस्त्रीने पाते बाहेर काढले आणि ऐरणीकडे वळता वळता वेटोळ्याच्या तोंडावर खण्णकन आपटले.

नळी वाकली, तिचे वेढे एकमेकांना टेकले, ठिणगी उडाली आणि डब्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. यंत्र बंद पडले. पाते सांडशीतच गार झाले.

“आपटले कशाला?” मी विचारले.

“काय आपटलं?” मिस्त्रीने विचारले. तो खरोखरच विचारत होता.

लाल लोखंडावर जळका पापुद्रा येतो. तो झडावा म्हणून लोहार ते भट्टीच्या कडेवर आपटतात. मिस्त्रीने हे सारा जन्म केलेले होते. विटेच्या भट्टीला त्याने काही होत नाही. तांब्याच्या वेटोळ्यावर लाल लोखंड आपटले की दोन वेढे जोडले जातात, भार नाहीसा होतो, शून्याचा क्षण सरकतो आणि ट्रान्झिस्टर सगळा मार अंगावर घेतो. मी त्याला नीट समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले.

“नाही आपटणार सर. चुकलं.”

पुढच्या खेपेला नवा ट्रान्झिस्टर घालून गेलो. पहिले दोन विळे कसेबसे झाले. तिसऱ्याला त्याने आपटले. त्यानंतरच्या खेपेला त्याने मनगटाला लाल चिंधी बांधली होती, आठवण राहावी म्हणून. चिंधी बांधलेल्या हाताने त्याने आपटले.

“हात हाय का बैल हाय?” भाभी ओरडली. “सर एवढ्या लांबून येतात, अन् तुमचा ठोका काही जात नाही.”

“तू चूप बस. मले काय मजा येते का?” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, “सर, मी ध्यान देतो. पण लोखंड लाल झालं का ध्यान लोखंडात जाते.”

ज्याचे ध्यान लोखंडात जाणार नाही असा लोहार मला नकोच होता.

मग मी उपाय शोधू लागलो. वेटोळ्याच्या तोंडाला भट्टीच्या मातीचा जाड लेप दिला. दोनचार ठोक्यांत तो गळून पडला. लोखंडाची कडी बसवली. विळ्याच्या आधी कडीच लाल झाली. पुढे वीट ठेवली. तेव्हा पाते आत पोचेना आणि पोचवायला गेले की सांडशी तापून हात भाजू लागला. एकदा मी मिस्त्रीला सांगितले की आपटायचेच असेल तर ऐरणीच्या बाजूवर आपटा. त्याने दोन दिवस तसे करून पाहिले. ऐरणीकडे हात जाण्याआधी तो वाटेत वेटोळ्यापाशी अडखळे, आणि त्याने स्वतःला आवरले की पुढचे सगळे बिघडे. त्याच दोन दिवसांतली एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. तो न आपटता ऐरणीवर आला आणि पाते सरळ करायला त्याने डावा हात पुढे घातला. त्याच वेळी भाभीचा घण खाली आला. तिने शेवटच्या क्षणी तो वळवला. घण जमिनीत रुतला.

मिस्त्रीने सांडशी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन पाणी प्यायला. भाभी घणाच्या दांड्याला धरून उभी राहिली.

त्या दिवशी मी यंत्र पुन्हा सुरू केले नाही. गिऱ्हाइकाच्या दोन कुऱ्हाडी अडल्या होत्या, म्हणून मिस्त्रीने कोळशाची भट्टी पेटवली आणि भाभी तोंडाला पदर बांधून आत आली. नको म्हटले तरी आली. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसते पाहत होतो. पाहताना जे लक्षात आले, ते इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते. ती दोघे काम करताना एक शब्द बोलत नव्हती. बोलून उपयोगही नव्हता, तिला ऐकू गेले नसते. तिची नजरही त्याच्याकडे नव्हती; घामाने आणि धुराने तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. मिस्त्री कुऱ्हाड भट्टीच्या तोंडावर आपटे. तो ठोका जमिनीतून की हवेतून, तिच्यापर्यंत पोचे. ठोका पडला की तिचा घण उचलला जाई. मिस्त्री ऐरणीवर येऊन स्थिर होईतो घण वर पोचलेला असे आणि पुढचा घाव बरोबर पडे. कुऱ्हाड पुन्हा तापायला गेली की घण खाली टेके. पुन्हा ठोका, पुन्हा घण.

पापुद्रा झडत होता तो वेगळा. तो ठोका तिला दिलेली हाक होता.

कुऱ्हाडी झाल्यावर मी विचारले, “घण केव्हा उचलायचा हे तुम्हांला कसे कळते?”

भाभीला प्रश्न दोनदा मोठ्याने सांगावा लागला. ती विचारात पडली. “कळते,” ती म्हणाली.

“मिस्त्री, तुम्ही तिला खूण देता का?”

“खूण कशाची? ही तिचं पाहते, मी माहं पाहतो.”

दोघांनाही ते माहीत नव्हते. मी सांगितलेही नाही. चालत्या माणसाला पाय कसे पडतात हे सांगितले की तो अडखळतो. धूर खाल्ल्यामुळे भाभी संध्याकाळपर्यंत खोकत राहिली. मी मुक्कामाला न थांबता शेवटच्या गाडीने परत आलो.

घरी येऊन ट्रान्सफॉर्मर उसवला.

हा निर्णय लिहायला सोपा आहे. घ्यायला मला तीन-चार दिवस लागले. घट्ट जोडलेल्या दोन गुंडाळ्या हे माझ्या रचनेतले सर्वांत चांगले अंग होते. त्यामुळे वीज वाया जात नव्हती. त्याचमुळे वेटोळ्याच्या तोंडावर पडलेला प्रत्येक ठोका जसाच्या तसा ट्रान्झिस्टरपर्यंत पोचत होता. दोन गुंडाळ्यांमध्ये अंतर ठेवले, त्यांची बांधणी सैल केली, तर तिकडचा धक्का इकडे येईतो मवाळ होतो. शिवाय वेटोळ्याच्या बाजूला वेगळे कपॅसिटर लावून त्या बाजूचा अनुनाद तिचा तिला दिला, तर ठोक्याच्या क्षणी ती बाजू तेवढी विझते आणि लोखंड सुटले की पुन्हा जागी होते. ट्रान्झिस्टरचा शून्याचा क्षण थोडा सरकतो, पण पकडीबाहेर जात नाही. याची किंमत असते. सैल बांधणीत बरीच वीज कामाला न लागता आतल्या आत फिरत राहते आणि तांब्याला तापवते. कार्यक्षमता उतरते.

माझ्याबरोबर निवृत्त झालेले एक सहकारी कधीमधी फोन करतात. त्यांना मी हे सांगितले.

“नव्वदीवरचं ऐंशीला आणताय?” ते म्हणाले. “अहो, लोक उलटं करतात. त्यापेक्षा त्या लोहारालाच शिकवा ना.”

“शिकवले,” मी म्हणालो. “ट्रान्झिस्टर गेले.”

“विद्यार्थी ढ आहे म्हणा की.”

“विद्यार्थी चांगला आहे. अभ्यासक्रम चुकला होता.”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

नव्या ट्रान्सफॉर्मरवर बराच घोळ झाला. अंतर कमी पडले तर ट्रान्झिस्टर तापे, जास्त झाले तर लोखंड तापेना. दोन गुंडाळ्यांमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घालत आणि काढत मी मधली जागा शोधली. खिळ्यांचा जुडगा सांडशीत धरून वेटोळ्यात घालायचा, लाल करायचा, बाहेर काढून वेटोळ्यावर आपटायचा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ पाहायची, हा माझा उद्योग झाला. शेजारच्या घरातून कोणी विचारले नाही की काय चालले आहे. त्यांनी माझ्याबद्दल मनाशी ठरवून टाकले असावे. वेटोळेही बदलले. जाड भिंतीची नळी घेतली आणि तिचे वेढे सिमेंटच्या पत्र्यात पितळी बोल्टांनी असे आवळले, की आपटले तरी वाकू नयेत. शेवटी मोजले. ऐंशीच्या थोडे वर. खोलीत यंत्राचा डबा आता हाताला कोमट लागत होता; पूर्वी तो लागत नसे. मी त्यावर पंखा बसवला.

सोंगणी तोंडावर आली होती. शेतांतले सोयाबीन पिवळे पडले होते. बाजाराच्या दिवशी सकाळीच धाडला पोचलो. दुकानासमोर विळ्यांचा ढीग होता, त्याभोवती माणसे होती आणि भट्टी थंड होती. मुलाने दोन दिवसांपूर्वी फोन करून सामान कधी बांधता असे विचारले होते. हे मिस्त्रीने मला डबा उतरवतानाच सांगितले.

जोडणी झाली. पाणी सुरू केले. मी मिस्त्रीला म्हणालो, “आता आपटा.”

त्याने माझ्याकडे पाहिले. “काय?”

“पूर्वीसारखे. भट्टीवर आपटत होता तसे, याच्यावर. खुशाल.”

“नाही सर. अजून मोडीन मी.”

“मोडणार नाही.”

“तवाही तुम्ही असंच म्हणले होते.”

हे मी म्हटले नव्हते, पण वाद घातला नाही. त्याने विळा तापवला. पाते नारिंगी झाले. भाभी घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. त्याने पाते बाहेर काढले, वेटोळ्यासमोर आणले, आणि हात थांबला. मला तो हात अजून दिसतो. इतके दिवस आवरण्याचा प्रयत्न करून आवरला गेला नव्हता, आणि आज मोकळा सोडला तर हलत नव्हता. पाते हवेत गार होऊ लागले. नारिंगी रंग गेला, तांबडा गेला. त्याने ते पुन्हा आत घातले. दुसऱ्यांदाही तसेच झाले. बाहेरची माणसे कुजबुजू लागली. कोणीतरी आपले विळे ढिगातून उचलले.

भाभीने ते पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले.

“ठोका ना!” ती ओरडली. “मी काय घण घेऊन पुतळा बनू?”

“अन् फुटलं त?”

तिला ऐकू गेले नाही, किंवा गेले असेल. “फुटलं त फुटलं. बांधू सामान. पण असं गपचूप लोखंड नका आणू माह्यासमोर. मले भेव लागते.”

त्या वाक्याने काम केले. तिला भीती वाटते हे ती त्याला प्रथमच सांगत असावी. त्याने पाते बाहेर काढले आणि आपटले. खण्णकन. यंत्राच्या डब्यावरच्या प्रवाहमापकाचा काटा एकदम खाली गेला, थरथरला आणि परत जागेवर आला. डब्यातून काही आवाज आला नाही. पण ते पाहायला मी एकटाच होतो. त्या दोघांचे यंत्राकडे लक्ष नव्हते. ठोका पडताच घण उचलला गेला होता. पाते ऐरणीवर आले आणि घाव बसला.

दुसरा विळा. ठोका, घण. तिसरा. मी ट्रान्झिस्टरच्या पाठीला हात लावून पाहिला. कोमट होता, इतकेच. पाचसहा विळ्यांनंतर मिस्त्रीने पात्याला पाणी दिले. वाफ उठली आणि विरून गेली. ज्याने आपले विळे उचलले होते त्याने ते परत ढिगात ठेवले. मी तेथून उठलो, कारण माझे तेथे काम उरले नव्हते आणि दुकानात जागाही कमी होती.

सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. वखराची लांब पात या वेटोळ्यात मावत नाही. तिच्यासाठी कोळसा पेटवावाच लागतो. तो मिस्त्री एकटा पेटवतो आणि पात हाताच्या हातोडीने जमेल तेवढी ठोकतो. त्या वेळी भाभी घरी असते. वीज गेली की दोघे बसून राहतात. तिची छाती पूर्ण बरी होणार नाही असे डॉक्टर म्हणतात. पण त्यांनी मनाई धुराला केली होती, घणाला नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत ढीग बराच उतरला. मी लिंबाखाली खाटेवर बसलो होतो. आतून ठोका, घण, ठोका, घण असे चालले होते. मध्येच ठोका पडला आणि घण पडला नाही. मी उठून दारातून आत पाहिले. भाभी घण टेकवून उभी होती आणि तिने एका गिऱ्हाइकाला धारेवर धरले होते. त्याला गाडी गाठायची होती, म्हणून त्याने आपले विळे ढिगाखालून काढून वर ठेवले होते.

“तुही गाडी चुकते त चुकू दे, मी सकाळपासून नंबरानं घेऊन राह्यली, हे म्हातारे बाबा तुह्या आधी आले, त्यांचं वावर पिकलं नाही का, तुह्यंच एकट्याचं पिकलं काय, ठेव ते खाली, अन् पहिले त्यांचा विळा उचलून दे मिस्त्रीच्या हाती.”

हे सगळे ती न खोकता एका दमात बोलली. त्या माणसाने विळे खाली ठेवले. मिस्त्री सांडशीत लाल पाते धरून खोळंबला होता. ते त्याने परत वेटोळ्यात घातले. मी जाऊन खाटेवर बसलो.